पांगुळगाड्यातली वाळू

एकदा एक गाड्या घडवणारे शेट म्हातारे झाले, आणि ही बातमी त्यांना सोडून साऱ्या गावाला आधी कळली.

त्यांचं नाव भिवाजी. नदीकाठच्या त्या पेठेत बैलगाडी घ्यावी तर भिवाजीशेटच्याच कारखान्यातली, असा पंचक्रोशीत लौकिक होता. गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करण्यापूर्वी ते स्वतः तिची परीक्षा घेत. गाडीची एक बाजू उचलून धरायला लावायची, चाकाला हाताने एकच हिसका द्यायचा आणि मग शांतपणे पानाची चंची सोडायची. पानाला चुना लावायचा, कात घालायचा, सुपारी कातरायची, विडा तोंडात टाकायचा. तोवर चाक फिरत राहिलं तर गाडी पसंत. मध्येच थांबलं तर कारागिराची धडगत नसे. 'भिवाजीची गाडी बैल ओढत नाहीत, ती बैलांच्या मागे आपण होऊन येते,' असं लोक म्हणत. हे वाक्य कानावर पडलं की शेट दुसरीकडे पाहत, कारण त्यांना हसू लपवायचं असे.

अशा माणसाला एके दिवशी मुलाने खुर्ची दिली.

मुलगा दौलत गुणी होता, कामात वाकबगार होता. त्याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती, आणि खरं दुखणं तेच होतं. भिवाजी रोज सकाळी कारखान्यात येत, चाकाच्या आऱ्यांवर टिचक्या मारत, 'हे लाकूड अजून ओलं आहे' असं कोरड्या लाकडाला म्हणत. त्यांनी पटाशी उचलली की कोणीतरी धावत येऊन ती अदबीने काढून घेई. शेवटी दौलतने दारापाशी, सावलीत, गादी घातलेली एक ऐसपैस खुर्ची मांडली. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला.

"आबा, जन्मभर खस्ता खाल्ल्यात. आता निवांत बसा. कशालाही हात लावायचा नाही," तो म्हणाला.

तो हे मायेनेच म्हणाला. मायेने केलेल्या गोष्टीवर धड रागावताही येत नाही, ही त्यातली मोठी पंचाईत.

भिवाजी खुर्चीत बसले. कारखान्यात न चालणारा हुकूम मग घरात चालू झाला. वरणाचा घट्टपणा, विहिरीच्या दोराचा पीळ, उंबऱ्याची उंची, सगळ्यांत त्यांना दोष दिसू लागले. पत्नी गोदाबाई पहिल्यांदा हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "घरातल्या साऱ्या दारांच्या बिजागऱ्या तुम्ही तपासल्यात. आता माझ्या पोळपाटाचे पाय मोजायला घेऊ नका. कुठंतरी जाऊन या."

वरवर पाहता हा सारा थट्टेचा विषय. पण एका सकाळी भिवाजींना जाग आली आणि पाय खाली टेकवण्याचं कारणच सापडेना. उठून करायचं काय? अंग धडधाकट होतं, भूक नीट लागत होती, मुलगा-सून विचारपूस करत होते. आणि तरी आढ्याकडे पाहत पडल्या पडल्या त्या माणसाला वाटलं की आपण आता नुसते उरलो आहोत. आयुष्यात पुराला, दुष्काळाला, सावकाराला न भ्यालेले भिवाजी त्या सकाळी घाबरले.

साऱ्या गावात त्यांना 'अरे' म्हणणारा एकच माणूस उरला होता. लहानपणी ज्यांच्या पाठशाळेत त्यांनी मुळाक्षरं गिरवली ते वयोवृद्ध गुरुजी आता घाटावरच्या धर्मशाळेत राहत. भिवाजी त्यांच्याकडे गेले ते अर्थात रिकाम्या हाताने नव्हे. मोठ्या माणसाला मन मोकळं करण्यासाठीही एक निमित्त लागतं.

नमस्कार करून ते म्हणाले, "गुरुजी, धर्मशाळेला एक ओसरी बांधून द्यावी म्हणतो. चांगली घडीव दगडाची."

"ओसरी आहे," गुरुजी म्हणाले. "तूच बसला आहेस तिच्यावर. हात दाखव बघू तुझे."

भिवाजींनी लहान मुलासारखे हात पुढे केले. गुरुजींनी ते उलटसुलट करून पाहिले.

"मऊ झालेत रे, भिवा. बरेच दिवस काही केलेलं दिसत नाही."

भिवाजींनी नजर वळवली आणि तेव्हा कुठे त्यांना ओसरीवरची मुलं दिसली. घाटाच्या नव्या पायऱ्यांचं काम चाललं होतं. दगड वाहणाऱ्या बायका आपली तान्ही, रांगती मुलं दिवसभर गुरुजींच्या भरवशावर सोडून जात. नदी हाकेच्या अंतरावर, आणि गुरुजींचे पाय थकलेले. म्हणून प्रत्येक मुलाच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून ती खांबाला अडकवलेली होती. मुलं त्या पट्टीपुरती फिरत, रडत, झोपत.

कडेच्या खांबाशी येसू नावाची एक मुलगी बसली होती. तिच्या बरोबरीची मुलं गावात धावत होती, ही अजून उभीही राहत नव्हती. तिची आई भागा दुपारच्या सुट्टीत तिला पाजायला आली तेव्हा गुरुजींनी मुद्दाम विचारलं, "काय भागा, टोळी कधी हलणार?"

"पायऱ्या सरल्या की पुढच्या गावाला, गुरुजी," भागा म्हणाली. "डोईवर सगळा संसार, अन् ही कडंवर. चालती झाली असती तर लई झालं असतं. न्हायतर मागं आईकडं ठिवून जायाचं. दुसरं काय करू?"

ती हे सहज म्हणाली, जणू पाणी आणायचं राहिलं होतं. पण पोरीच्या पाठीवरचा तिचा हात तेवढ्यात दोनदा घट्ट झाला, तो भिवाजींनी पाहिला.

ती गेल्यावर गुरुजी म्हणाले, "भिवा, ओसरी नको. एक पांगुळगाडा करून आण. तुझ्या कारागिरांकडून नव्हे. तुझ्या हातचा."

आणि काय सांगावं! सकाळी ज्यांना अंथरुणावरून उठवत नव्हतं ते भिवाजी पायऱ्या उतरले ते तरुण पोरासारखे. रस्त्यात तीन माणसांनी रामराम घातला, एकालाही त्यांनी ओळख दिली नाही. डोक्यात लाकूड फिरत होतं. तीन चाकांचा, दांडा धरून मूल ज्याच्या आधाराने उभं राहतं आणि जो ढकलत पाऊल टाकायला शिकतं, तो पांगुळगाडा. एवढासा! आणि तरी त्याला कणा होता, चाकं होती, चाकाच्या मधोमध कण्याचं भोक असलेला तुंबा होता. म्हणजे ती एक गाडीच होती, आणि गाड्या तर भिवाजींच्या हाडीमाशी भिनलेल्या.

पहिल्यांदा त्यांनी ओसरीच्या तोंडाशी एक भक्कम कठडा ठोकला, म्हणजे पोरांच्या कमरेच्या पट्ट्या सुटतील. मग घराच्या परसात मांड ठोकून ते पांगुळगाड्याच्या मागे लागले. सागवानाचे तुकडे आले, पटाशा निघाल्या. तळहाताला फोड आले तर ते त्यांनी गोदाबाईंना अशा ऐटीत दाखवले की जणू पदकच मिळालं होतं. "अहो, जेवण निवतंय," असं त्या म्हणाल्या की परसातून "आलो, आलो" असा आवाज येई आणि पाठोपाठ रंध्याचा. वरणाच्या घट्टपणाविषयी त्या दिवसांत त्यांनी अवाक्षर काढलं नाही. गोदाबाईंनी मनोमन गुरुजींना हात जोडले.

कणा लोखंडी, तुंब्याला आतून घासून आरशासारखी गुळगुळीत केलेली भोकं, आणि त्यात गाडीच्या कण्याला घालतात तेच एरंडेलाचं वंगण. गाडा पुरा झाल्यावर भिवाजींनी चाकाला हिसका दिला आणि चंची सोडली. विडा तोंडात गेला, चघळून झाला, तरी चाक फिरतच होतं. त्यांचे डोळे भरून आले. 'अजून येतंय,' ते स्वतःशीच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धर्मशाळेत जत्रेसारखी गर्दी. दुपारची सुट्टी होती, बायका भाकरी सोडून बघायला आल्या. येसूची पट्टी सोडलेली होती, तरी ती त्याच खांबाशी, पट्टीच्या लांबीतच बसलेली. भिवाजींनी तिला उचलून उभं केलं, तिचे दोन्ही हात दांड्यावर ठेवले आणि हळूच सोडलं.

येसूने भार टाकला. गाडा सुळकन निसटला. येसू तोंडावर आपटली आणि ओठातून रक्त आलं.

आक्रोश झाला. भागाने धावत येऊन पोरीला छातीशी धरलं. "ऱ्हाऊ द्या शेट," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर ते अधिक लागलं. "आमची पोर बांधल्याली हुती त्येच बरं हुतं."

भिवाजी घरी आले ते मान खाली घालून. पण हाडाचा कारागीर हरल्यावर काय करतो? ज्या गोष्टीने हरला तीच अधिक नेटाने करतो. त्यांनी विचार केला: फरशी खडबडीत असणार, चाक अडखळलं असणार. म्हणजे चाक अजून सुटं फिरायला हवं! झालं. दुसरा पांगुळगाडा पहिल्याहून सरस. तुंब्याला पितळी कडी बसवली, दांड्यावर दोन पोपट कोरले, वंगण गाळून गाळून घातलं. या गाड्याला फुंकर मारली तरी तो चालू लागे. तो डोक्यावर घेऊन भिवाजी भराभर घाटावर निघाले. टोळी हलायला आता फार अवकाश नव्हता.

गुरुजींनी गाडा न्याहाळला. पोपटांवरून बोट फिरवलं. एका बोटाने गाडा ढकलला. तो ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निघून गेला. भिवाजींच्या चेहऱ्यावर अभिमान फुलला.

मग गुरुजी उठले, काठी टेकत कठड्याबाहेर गेले, नदीकाठची ओंजळभर वाळू घेऊन आले, आणि ती त्यांनी त्या पितळी कड्यांत, गाळलेल्या वंगणात, एकेका चाकात शांतपणे ओतली. वर अंगठ्याने दाबलीही.

गाडीवाल्याच्या वंगणात वाळू! देवाच्या नैवेद्यात कोणी माती कालवली असती तरी भिवाजींना इतका धक्का बसला नसता. त्यांच्या कारखान्यात एका कारागिराच्या हातून असं चुकून झालं होतं, तर त्याला त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं होतं.

"गुरुजी," ते कसेबसे म्हणाले, "हे काय केलंत? माझं काम असं सर्वांदेखत... चुकलं असेल तर सांगायचं होतं."

"ढकल आता," गुरुजी म्हणाले.

भिवाजींनी रागाने गाडा ढकलला. तो जेमतेम वीतभर सरकला, करकरला आणि थांबला. पुन्हा ढकलला. पुन्हा कर्रर्र करून तो जागच्या जागी. ओसरीवरच्या पोरांना तो आवाज भलताच आवडला. एकजण खिदळला, दुसऱ्याने करकर वाजवणाऱ्या त्या गाड्याकडे बोट दाखवलं. आणि खांबाशी बसलेल्या येसूने मान वळवली.

कोणी तिला उचललं नाही. ती आपली आपण, पट्टी कधीच सुटलेली असूनही जिथवर ती पुरे तिथवर रांगत आली. थांबली. मग पुढे आली. गाड्याचं चाक तिने हाताने हलवून पाहिलं, ते करकरलं. दांडा धरून ती उठू लागली. भिवाजी पुढे झुकले. गुरुजींनी त्यांचं मनगट धरलं. येसूने सारा भार दांड्यावर टाकला, आणि गाडा पळाला नाही. तो तिच्या वजनाखाली मुकाट उभा राहिला. तिने ढकललं तेव्हा तो तेवढाच, तिच्या पावलाएवढाच सरकला. कर्रर्र. मग दुसरं पाऊल. कर्रर्र.

भिवाजींचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

तेव्हा गुरुजी म्हणाले, "भिवा, तुझ्या गाडीला पुढे बैल असतो. बळ त्याचं, म्हणून चाक जितकं सुटं तितकं चांगलं. पण पांगुळगाड्याला बैल नाही. तिथे बळ या पोरीला स्वतःचं कमवायचं आहे, आणि ते कमवायला तिला थोडा अडसर हवा. जो गाडा मुलाच्या पुढे धावतो तो मुलाला पाडतो. दुसऱ्याला देताना आपल्याला वाटतं, आपलं देणं कसं झोकात चालावं. ते आपल्या झोकात चालायचं नसतं रे, घेणाऱ्याच्या पावलाने सरकायचं असतं. हे तोंडाने सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस आणि घरी जाऊन आणखी एरंडेल ओतलं असतंस."

येसू करकरत ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. मग भिवाजी एकदम हसू लागले. हसता हसता म्हणाले, "गुरुजी, म्हणजे मी पडलो तो असाच पडलो. माझ्याही चाकातली सगळी वाळू एकदम काढून टाकली घरच्यांनी. काही अडत नाही, काही टोचत नाही. टेकायला गेलो आणि तोंडावर आपटलो."

"आणि आता?" गुरुजींनी विचारलं.

"आता दहा पोरं आहेत इथे. त्यातली सहा रांगती," भिवाजी उठत म्हणाले. "मला वेळ नाही."

त्या दिवसापासून घरामागच्या परसात अखंड ठोकाठोक सुरू झाली. वाळू काही कायमची टिकत नाही, म्हणून भिवाजींनी नवा मार्ग काढला. लोखंडी कणा गेला, बाभळीचा आला; तुंब्याचं भोक कोरडं आणि अंमळ घट्ट ठेवायचं, वंगणाचा थेंब नाही. परीक्षाही बदलली. हात लावला की चाक फिरलं पाहिजे, हात उचलला की त्याच क्षणी थांबलं पाहिजे. जन्मभर पाठ केलेली विद्या उलटी करताना त्यांची तारांबळ उडे, आणि त्या तारांबळीत त्यांना अशी काही मौज वाटे की कधी एकदा उजाडतं असं त्यांना होई. हळूहळू गावातली आणखी रिकामी माणसं जमू लागली. कारभार सुनांच्या हाती गेलेल्या रंगारीणकाकू दांडे रंगवायला आल्या. हात थरथरतो म्हणून दुकानातून उठवलेले एक सोनार आले. त्यांना चाकं घासायचं काम दिलं, त्यात थरथर उलट उपयोगी पडली. कोणी कोणाला 'तुम्ही कशाला?' असं म्हणत नसे.

ओसरी करकरीने भरून गेली. गुरुजी म्हणाले, आता कोणतं पोर कुठे आहे हे मला डोळे मिटूनही कळतं.

पायऱ्यांचं काम संपत आलं. टोळीतल्या पुरुषांनी पालं उतरवायला घेतली. येसू गाड्याबरोबर सराईत चालत होती, पण दांडा सोडत नव्हती. भिवाजी रोज तिच्यासमोर हात पसरून उकिडवे बसत, "ये बाय, सोड, ये," म्हणत. ती हसे आणि दांडा आणखी घट्ट धरी. भिवाजींना रात्री झोप लागेना. पांगुळगाडा घेऊन कोणी मजल दरमजल करत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी ते असेच हात पसरून बसले होते. भागा शेवटची पाटी डोक्यावर घेऊन पायऱ्या चढत होती. येसूने तिला पाहिलं. गाडा करकरला, थांबला, आणि करकर पुन्हा आलीच नाही. भिवाजींनी पाहिलं तर दांड्यावर हात नव्हते. येसू दोन्ही हात हवेत धरून, डुलत, एकेक पाऊल टाकत येत होती. भिवाजींनी हात आणखी पसरले. येसू त्यांच्या हातांपाशी आली, त्यांच्याकडे न बघता त्यांना वळसा घालून पुढे गेली आणि कठड्याला जाऊन धडकली. पलीकडे आई उभी होती. भागाने पाटी तिथेच टाकली. दगड पायऱ्यांवरून गडगडत नदीपर्यंत गेले, आणि मुकादम ओरडायचं विसरला.

भिवाजींचे हात अजून तसेच पसरलेले होते. क्षणभर त्यांना वाईट वाटलं असेल का? असेलही. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. ओसरीच्या मधोमध पांगुळगाडा एकटा उभा होता, कोणाला नको असलेला. आणि आपण घडवलेल्या साऱ्या गाड्यांमध्ये आज पहिल्यांदा एक गाडी जिथे पोचायची तिथे पोचली, हे त्यांना कळून चुकलं.

निघताना भागा गाडा घेऊन त्यांच्याकडे आली. तिने तो स्वच्छ पुसला होता. "आबा," ती म्हणाली, आणि शेट म्हणायचं तिने सोडलं हे तिच्याही लक्षात आलं नाही, "आता हा आमाला लागत न्हाय. दुसऱ्या कुणाला तरी हुईल."

"होईल ना," भिवाजी म्हणाले.

गाडा खांद्यावर टाकून ते लगबगीने घराकडे निघाले. कणा झिजला होता, तो बदलायचा होता. चुन्याच्या भट्टीवरची एक बाई आपलं पोर घेऊन उद्याच यायची होती. वाटेत कारखान्याच्या दारातून दौलतने त्यांना पाहिलं. वडील घामाघूम झालेले, चालत मात्र तरातरा. तो धावत आला आणि त्याने सवयीने हात पुढे केला.

"आबा, आणा इकडे. मी घेतो."

"राहू दे रे," भिवाजी म्हणाले. "एवढं वजन मला लागतं."

दौलतचा हात तसाच थांबला. वडिलांच्या तोंडाकडे त्याने नीट पाहिलं, बऱ्याच दिवसांनी. मग तो हात त्याने मागे घेतला आणि त्यांच्या पावलाने त्यांच्याबरोबर चालू लागला.

घरात वडीलधारं माणूस असेल, तर त्याच्या हातातली पिशवी घेण्याआधी त्याला एकदा विचारून पाहावं.